सलामीची तुकडी

पाशा कचऱ्याची बिन बाहेर ठेवायलासुद्धा टाय लावून यायचे.

मेलबर्नमधल्या त्या लांबत गेलेल्या लॉकडाऊनमध्ये ही गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी होती. पॉइंट कुकमधली आमची अख्खी गल्ली तेव्हा कमरेच्या वर ऑफिसात आणि कमरेखाली अंथरुणात असायची. मी स्वतः इस्त्रीचा शर्ट आणि त्याखाली पायजमा अशा वेषात मीटिंगांना बसत होतो. मंगळवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला शेजारच्या गॅरेजचं दार वर सरकायचं आणि करडी पँट, पांढरा शर्ट, निळा टाय, लखलखीत बूट आणि तोंडावर मास्क अशा थाटात पाशा बाहेर यायचे. फुटपाथच्या कडेला दोन्ही बिन उभ्या केल्या, की तीन पावलं मागे जाऊन त्यांच्याकडे बघायचे. एखादी रेषेबाहेर असली तर पुढे होऊन बुटाच्या टोकाने सरळ करायचे. मग आमच्या बिनकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. पण बुधवारी सकाळी मी उठायच्या आत आमच्याही बिन रेषेत आलेल्या असायच्या.

तुर्कस्तानच्या सैन्यातून जनरल म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ बायको वारल्यावर लेकीकडे राहायला आले होते. लेक नेस्रिन फार्मसिस्ट. आम्ही सगळे घरात कोंडलेलो असताना ती रोज कामावर जायची. नात देनिझ अकरावीत, म्हणजे दिवसभर खोलीचं दार बंद करून लॅपटॉपसमोर. त्यामुळे पाशांच्या वाट्याला एक रिकामं घर आणि मागच्या अंगणातली टोमॅटोची रोपं आली होती. ती रोपं कशी लावली होती ते सांगायला नकोच. दोन रोपांमधलं अंतर त्यांनी टेपने मोजलं होतं.

या माणसाने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आपली नोकरीची हकिकत नातीला वाचता येईल अशा इंग्रजीत लिहून द्यावी, आणि तीत काही गाळू नये. मी होकार दिला, लिहूनही दिली. गाळू नये एवढं मात्र मला जमलं नाही. हे सगळं आत्ता लिहायला बसलोय ते त्यासाठी.

पाशा हे नाव माझं. म्हणजे मी थट्टेने ठेवलेलं. मी पुण्याचा, त्यामुळे निवृत्त लष्करी माणसांचं मला अप्रूप नाही. आमच्या लहानपणीच्या रस्त्यावर तीन पाट्यांवर नावाआधी हुद्दा आणि नावानंतर कंसात ‘निवृत्त’ असं लिहिलेलं होतं, आणि तिन्ही घरांतून बागेतल्या माळ्याला हुकूम सुटायचे ते अख्ख्या रस्त्याला ऐकू यायचे. तेव्हापासून मानमरातब दिसला की मला खोकल्यासारखं हसू येतं. टाय लावून कचरा टाकणारा जनरल शेजारी राहायला आल्यावर आमच्या घरात त्याचं नाव पाशा पडणं क्रमप्राप्त होतं.

पहिला लॉकडाऊन सैल झाल्यावर नेस्रिनने आम्हाला टोमॅटो आणून दिले आणि बायकोने, मेधाने, बापलेकीला चहाला बोलावलं. ट्रे घेऊन येताना तिच्या तोंडून निघून गेलं, “पाशा, शुगर किती?”

मी कपाळावर हात मारला. पाशा मात्र खुर्चीवरून उठून उभे राहिले. अगदी सरळ. नेस्रिनने आमच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. आम्हाला काहीच कळेना. मग तिने सांगितलं, की तुर्कस्तानात जनरलला आजही पाशाच म्हणतात. कागदोपत्री नाही, पण माणसं म्हणतात, आपुलकीने. “बाबांना इथे येऊन दोन वर्षं झाली, आणि या देशात ही हाक कोणी मारली नव्हती,” ती म्हणाली. “तुम्ही शोधून काढलंत?”

“हो, म्हणजे, थोडं वाचलं होतं,” मी म्हणालो.

मेधाने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. टोपणनाव थट्टेचं होतं हे मी पाशांना कधीच सांगितलं नाही. पुढे ते नाव थट्टेचं राहिलंही नाही. त्यांनी मला त्यांच्याकडच्या रीतीने ‘मुहेंदिस बेय’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे इंजिनियरसाहेब. तिकडे माणसाला त्याच्या पेशाने हाक मारतात. मी इंजिनियर नाही, सॉफ्टवेअर कंपनीत मॅन्युअलं लिहितो, हे मी दोनदा सांगितलं. “यंत्र कसं चालवायचं ते तुम्ही लिहिता. मग इंजिनियरच,” पाशा म्हणाले, आणि विषय संपला. आमचा दुधाचा चहा मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. “हा चहा नाही, जेवण आहे,” म्हणायचे, आणि दुसरा कप मागायचे.

ऑस्ट्रेलियात तुर्की जनरल म्हटल्यावर लोक काय विचारणार हे ठरलेलंच आहे. समोरच्या घरातल्या ग्लेनने पहिल्याच भेटीत कुंपणावरून गॅलिपोलीचा विषय काढला. शंभर वर्षांपूर्वी तिथे तुर्कांशी झालेल्या लढाईत ऑस्ट्रेलियन फौजेत त्याचे कोणी पणजोबा होते. पाशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी तेव्हा तिथे नव्हतो.” ग्लेन गोंधळला. “नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं, मेट...” पाशा पुढे झाले. “तुमच्या पणजोबांचं नाव काय? गाव कोणतं?” ग्लेनला नाव आठवलं, गाव आठवेना. त्याने आत जाऊन आईला फोन केला आणि बाहेर येऊन गाव सांगितलं. पाशांनी मान डोलावली. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांनी ग्लेनच्या आईची चौकशी केली ती पणजोबांच्या नावागावासकट.

ही त्यांची खोडच होती. नाव काय, गाव कोणतं. पार्सल घेऊन येणाऱ्या पंजाबी मुलाला, सुपरमार्केटच्या दारात सॅनिटायझर घेऊन उभ्या असलेल्या बाईला, कोविड टेस्टच्या रांगेत नाकात काडी घालायला आलेल्या नर्सला. आणि एकदा ऐकलं की विसरायचे नाहीत. मला ही पुढाऱ्यांची युक्ती वाटायची. लग्नाच्या मांडवात सगळ्यांना नावानिशी हाक मारणारे आमदार मी पाहिले आहेत. मी एकदा तसं सुचवलंही. पाशा म्हणाले, “मी पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा माझ्या पलटणीत चाळीस पोरं होती आणि त्यातल्या अठरा जणांना लिहितावाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी त्यांना अक्षरं शिकवायचो. ती शिकेपर्यंत त्यांची घरची पत्रं मीच लिहायचो. गाव माहीत नसेल तर पत्र कुठे पाठवणार, मुहेंदिस बेय?”

थंडीत, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, लॉकडाऊन पुन्हा कडक झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास, आणि बरोबर फार तर एक माणूस, एवढंच फिरायची मुभा उरली. पाशांनी त्या एका तासासाठी मला निवडलं. निवडलं म्हणजे दुपारी चारला ते आमच्या ड्राइव्हवेच्या टोकाशी येऊन उभे राहायचे. बेल वाजवायचे नाहीत. मला मीटिंग असेल तर मीटिंग संपेपर्यंत तसेच उभे. तिसऱ्या दिवसापासून मी मीटिंगा हलवल्या.

त्या फिरण्यातच त्यांनी ती मागणी केली. देनिझला तुर्की बोलता यायचं ते जेवणापुरतं. वाचता येत नव्हतं. पाशांकडे एक जाड, काळ्या पुठ्ठ्याची वही होती. नोकरीतली प्रत्येक नेमणूक त्यांनी तीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. “मी इंग्रजीत सांगतो. तुम्ही नीट लिहा. तिला वाचता यायला हवं,” ते म्हणाले. “आणि काही गाळू नका.”

मला ते दुखणं ओळखीचं होतं. आमच्या घरात मराठी पुस्तकांची एक भिंत आहे. माझी मुलगी सई तिचा उपयोग झूमच्या बॅकग्राउंडसाठी करायची. तिच्या टीचरला ती भिंत फार आवडली होती.

मग सुरू झालं. मास्कमधून त्यांचं इंग्रजी अडखळत यायचं, म्हणून मी फोनवर रेकॉर्ड करू लागलो. परदेशातल्या कुठल्याशा संयुक्त मुख्यालयात तीन वर्षं काढून शिकलेलं ते इंग्रजी होतं. त्यात क्रियापदं कमी आणि नामं जास्त. वर्ष, हुद्दा, ठिकाण, काम. वर्ष, हुद्दा, ठिकाण, काम. तळ्याभोवती चालताना त्यांची पावलंही त्याच तालात पडायची. मधूनच एखादं वाक्य असं यायचं, की मी थांबायचो. “सैन्यात दोनच प्रकारची माणसं असतात. कोरड्या बुटांची आणि ओल्या बुटांची. नकाशे कोरड्या बुटांची माणसं काढतात.” किंवा “पदक म्हणजे तुम्ही जिथे नव्हता तिथे काय झालं याविषयी दुसऱ्याने लिहिलेला शेरा.” मी खूश. वर्षानुवर्षं ज्या थाटामाटाला मी हसत आलो त्याला आतून हसणारा माणूस मला मिळाला होता.

बढत्यांविषयी ते असंच बोलायचे. तिकडे दर ऑगस्टात बढत्यांची यादी लागते. मेजर, कर्नल, मग ब्रिगेडियर, मग एक तारा आणखी. “आणि मग एका ऑगस्टात माझं नाव यादीत नव्हतं.”

“का?”

“यादीत कारणं नसतात.”

“मग काय केलंत?”

“टोमॅटो लावले.”

एके दिवशी ते कर्नल असतानाच्या नेमणुकीपाशी आलो. पूर्वेकडची सरहद्द, डोंगर, वर एक चौकी. वारा खाडीवरून सरळ अंगावर येत होता आणि तळ्यात काळे राजहंस मानेवर मान टाकून बसले होते. पाशांनी त्या दिवशी वही बरोबर आणली होती. एरवी आणायचे नाहीत. चालता चालता थांबून त्यांनी पान उघडलं आणि वाचल्यासारखं सांगितलं, “जानेवारी. वरिष्ठांची चौकीला भेट नियोजित. सलामीची तुकडी पुढे पाठवली. पाठवण्याचा हुकूम माझा. तुकडीतील जवानांची नावं पुढीलप्रमाणे.” आणि एकेक नाव, पुढे गाव. सात नावं.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी मराठी माणसांच्या गौरवग्रंथांवर वाढलो आहे. माझे वडील एका संस्थेचे चिटणीस होते. स्वतःच्या खर्चाने छापलेली आत्मचरित्रं आमच्याकडे भेट म्हणून यायची आणि मी ती सगळी वाचायचो. सत्काराला कोण उपस्थित होतं, हार कोणी घातला, आभार कोणी मानले, ‘उपस्थित मान्यवरांमध्ये सर्वश्री’ आणि मग पाऊण पान नावं. त्या सर्वश्रींवरून उडी मारून पुढे जाण्याचं माझं कसब वयाच्या दहाव्या वर्षीच पक्कं झालं होतं. पुढे नोकरीतही तेच शिकवलं. वापरणाऱ्याला जे लागत नाही, ते काढून टाका.

तेव्हा सलामीची तुकडी, हुकूम माझा आणि सात नावं हे ऐकल्यावर मला वाटायचं तेच वाटलं. सुटला नाहीच म्हातारा, मनात म्हटलं. बाकी सगळ्याला हसला, पण सलामी कोणी दिली ते मात्र नावानिशी लिहून ठेवलंय.

पुस्तक वसंत ऋतूत तयार झालं. बत्तीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर तरुण लेफ्टनंटचा फोटो. मी त्यावर मेहनत घेतली होती हे खरं आहे. बुटांचं वाक्य सुरुवातीलाच घातलं. पत्रं लिहिण्याची हकिकत खुलवली. कर्नलकीचं प्रकरण फार कोरडं होतं म्हणून आटोपशीर केलं. सात नावांच्या जागी एक वाक्य लिहिलं: दुर्गम चौकीवरही त्यांच्या रेजिमेंटच्या सलामीत कधी खंड पडला नाही. त्यात थोडी टिंगल होती. ती फक्त मला कळणार होती.

पाशांनी पुस्तक आमच्या ओट्यावर बसून वाचलं. चष्मा लावून, टाय सैल न करता, दीड तास. मी आतून दोनदा बघून आलो. शेवटी मिटून मांडीवर ठेवलं.

“व्यवस्थित आहे,” म्हणाले. “फार व्यवस्थित. यादी?”

“पाशा, याद्या कोणी वाचत नाही. मुलांना तर नाहीच. देनिझ त्या पानाशी पुस्तक बंद करेल.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली, मांडीवरच्या पुस्तकाकडे. “तुम्ही इंजिनियर,” म्हणाले. उठले, मेधाला हाक मारून चहाचे आभार मानले आणि गेले. आता वाटतं, त्यांना तेव्हा बोलायचं होतं. पण चाळीस वर्षं सैन्याच्या भाषेत काढलेल्या माणसाला दुसरी भाषा येत नव्हती. ज्या भाषेत सांगता येत होतं त्या भाषेत त्यांचं सांगून झालं होतं. हुकूम माझा. नावं पुढीलप्रमाणे.

त्यांनी आणखी एकदा विचारलं. उन्हाळ्यात, लॉकडाऊन नसताना. टोमॅटोची पिशवी द्यायला आले होते, ती देऊन झाल्यावर दारातच थांबले.

“मुहेंदिस बेय, त्या पुस्तकात एक पान पुन्हा घालता येईल?”

माझी ऑफिसला जायची घाई होती. इतक्या महिन्यांनी ऑफिस उघडलं होतं. “येईल की, पाशा. व्हर्जन टूमध्ये घालू. आणखी काही दुरुस्त्या असतील तर लिहून ठेवा, एकदमच करू.”

“व्हर्जन टू कधी?”

“बघू. नो वरीज.”

“नो वरीज,” त्यांनी माझ्यामागे म्हटलं. हे दोन शब्द ते जपून उच्चारायचे, दुसऱ्याच्या घरातली बशी हातात धरावी तसे.

पुढच्या थंडीत पुन्हा लॉकडाऊन लागला. आमचं फिरणं पुन्हा सुरू झालं, पण आता ते तळ्याला अर्धी फेरी झाली की बाकावर बसायचे. वहीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. एका मंगळवारी संध्याकाळी पाचला गॅरेजचं दार वर गेलं नाही. साडेपाचला अँब्युलन्स आली. कोविड नव्हता, हृदय होतं. हॉस्पिटलात एकाच माणसाला आत सोडत होते. नेस्रिन आत होती. देनिझ पार्किंगमध्ये मेधाबरोबर गाडीत बसून होती. आठच्या सुमारास नेस्रिन बाहेर आली, आणि ती चालत येत होती त्यावरूनच त्या दोघींना कळलं.

दफनाला दहा माणसांची परवानगी होती. आम्ही त्या दहांत नव्हतो. नेस्रिनने फोन करून लिंक पाठवली आणि विचारलं, “तुमच्या पुस्तकातलं थोडं देनिझने वाचलं तर चालेल? बाबांना आवडलं असतं.”

मी चालेल म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लेखक म्हणून बरं वाटलं.

मी, मेधा आणि सई लॅपटॉपसमोर बसलो. मी त्या दिवशी टाय लावला होता. पडद्यावर मास्क लावलेली दहा माणसं एकमेकांपासून दूर दूर उभी होती, पाशांनी मोजून उभी केल्यासारखी. देनिझने मास्क खाली घेतला आणि वाचायला सुरुवात केली. बुटांचं वाक्य आलं. पत्रं आली. मग हुद्दे आले, एकामागून एक, आणि मग तिच्या त्या स्वच्छ ऑस्ट्रेलियन उच्चारात माझं वाक्य आलं. दुर्गम चौकीवरही त्यांच्या रेजिमेंटच्या सलामीत कधी खंड पडला नाही. कॅमेऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या नेस्रिनने तेव्हा मान उचलली. मला वाटलं, तिला अभिमान वाटला.

ऑक्टोबरच्या शेवटी बंधनं उठली आणि पहिल्याच रविवारी नेस्रिन आमच्याकडे आली. हातात काळ्या पुठ्ठ्याची वही होती. चहाला नको म्हणाली.

“ही मी आजवर उघडली नव्हती,” ती म्हणाली. “चौदा गावं बदलली आम्ही त्यांच्या नोकरीपायी. मला त्या नोकरीविषयी काही वाचायची इच्छा नव्हती. पण देनिझने ते वाक्य वाचलं ना, सलामीचं, तेव्हा वाटलं, बाबा असं कसं सांगतील? म्हणून उघडली.” तिने पान काढून माझ्यापुढे धरलं. मला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. सात. “हे पान इंग्रजीत कुठे आहे?”

मी म्हणालो, “ती सलामीच्या तुकडीची यादी होती.”

“हो,” नेस्रिन म्हणाली. “तीच.”

मग तिने सांगितलं. त्या जानेवारीत ती नऊ वर्षांची होती. वरून कोणी बडे अधिकारी चौकी बघायला येणार होते. त्यांच्या स्वागताला चौकीवर रांगेत उभं राहायला नीट कपड्यातली, उंच पोरं हवी होती. चौकीवरची पोरं दोन महिने बर्फात राहून काळवंडलेली होती, ती बरी दिसली नसती. म्हणून खालच्या छावणीतून सात जणांची तुकडी ट्रकने वर पाठवली. रस्ता बंद ठेवावा असं म्हणणारा एक सुभेदार होता. पाशांनी ऐकलं नाही. वाटेत बर्फाचा कडा सुटला. ट्रक बर्फाखालून काढायला चार दिवस लागले. बडे अधिकारी आलेच नाहीत. हवा खराब म्हणून त्यांची भेट आदल्या संध्याकाळीच रद्द झाली होती, फक्त निरोप उशिरा पोचला. घरच्यांना पाठवायचा छापील मजकूर असतो, सेवेत असताना वीरमरण वगैरे. पाशांनी त्याखाली सात सह्या केल्या.

“त्या ऑगस्टात त्यांना बढती मिळाली,” नेस्रिन म्हणाली. “आईने केक केला होता. त्यांनी तो शेजारी देऊन टाकला.”

मग मेधाने हळूच विचारलं, “देनिझला माहीत आहे?”

“आता सांगितलं मी. पण त्यांना स्वतःच्या तोंडून सांगायचं होतं. मला म्हणाले होते, मी इंजिनियरला सगळं सांगितलंय, तिला त्याच्याकडून मिळेल.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

“हो,” मी म्हणालो. “सांगितलं होतं.”

जन्मभर मी थाटामाटाला हसत आलो. सात पोरं थाटामाटापायी गेली आणि ज्याच्या हुकमाने गेली तो माणूस ते कबूल करत होता, तर मी नावं काढून टाकली आणि सलामी तेवढी ठेवली. ज्या पुस्तकांना मी हसायचो त्यांतल्या कुठल्याही लेखकाने यापेक्षा वाईट पुस्तक लिहिलेलं नाही.

व्हर्जन टू निघालं. नेस्रिनने ते पान शब्दाला शब्द सांगितलं आणि मी काहीही न गाळता लिहिलं. सात नावं, सात गावं. सुभेदाराचंही नाव वहीत होतं, तेही घातलं. तरी देनिझला आजोबांचा आवाज हवा होता. मी म्हटलं होतं ना, मी रेकॉर्ड करत होतो. तर एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली, पाशा पुस्तक वाचायला बसले होते त्याच खुर्चीत, आणि मी ते रेकॉर्डिंग शोधून लावलं. तोवर मी ते पुन्हा ऐकलेलं नव्हतं.

आधी वारा. मग दोघांच्या पावलांचा आवाज, आणि तो थांबतो. वहीची पानं. मग पाशा. जानेवारी. तुकडी. हुकूम माझा. आणि मग नावं. हसन, आणि त्याचं गाव. मग ते थांबतात. युसुफ, आणि गाव. थांबतात. प्रत्येक नावानंतर तेवढंच थांबणं, शाळेत हजेरी घेताना मास्तर पोराच्या ओरडण्यासाठी थांबतात तेवढं. दुर्सुन. मेहमेत. दुसरा मेहमेत, त्याचं गाव वेगळं. इस्माइल. देनिझचे ओठ हलत होते. आजोबांच्या मागोमाग ती एकेक नाव म्हणत होती. शेवटी सेलिम आणि त्याचं गाव. या वेळी ते जास्त थांबतात. नुसता वारा येत राहतो. मास्कमधून एक श्वास आत घेतल्याचं ऐकू येतं, माणूस काही सांगायला सुरुवात करतो तेव्हा घेतो तसा.

आणि मग माझा आवाज येतो, खणखणीत, उत्साही.

“ओके पाशा, नेक्स्ट.”